घरच्या फरशीवरचा चित्रकला-प्रकल्प

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात संतवाङ्मय, ग्रामीण कथा, निवडणुका अशा विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीला शाळेतल्या चित्रकला-प्रकल्पाने येऊन बसावे, हे काही वाचकांना धाडसाचे वाटेल. तरीही मी हा विषय निवडला, याचे कारण सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी पदवीनंतर बी.एड.ला जाणार आहेत. उद्या त्या एखाद्या वर्गात उभ्या राहतील आणि मुलांना सांगतील, ‘प्रकल्प घरून करून आणा.’ हे चार शब्द बोलायला अगदी सोपे आहेत. ते मुलाबरोबर घरी गेल्यावर तिथे काय काय घडते, हे मात्र वर्गात कळत नाही. मी दहावीत असताना ते आमच्या घरी आले होते. तेव्हा जे घडले ते, आणि त्यातून कामाची आखणी कशी करावी याबद्दल मला जे उमगले ते, येथे मांडते.

आम्ही सोलापूरचे. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरी विड्या वळते. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचा पडवीवजा भाग. २०२१-२२ हे माझे दहावीचे वर्ष. करोनामुळे दीड वर्ष बंद असलेल्या शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये काही दिवसांसाठी पुन्हा बंद झाल्या. त्या बंद होण्याच्या आदल्या दिवशी आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गाला शेवटचा प्रकल्प दिला. क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे अकरा इंच बाय पंधरा इंच आकारात बसेल असे एक पूर्ण काम, त्याआधीची किमान पाच रेखाटने आणि ‘काम कसे केले’ याची नोंदवही. मुदत एकवीस दिवस. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असल्याने मुदत वाढवून मिळणार नव्हती.

वर्गातल्या काहीजणींनी त्याच संध्याकाळी प्रश्न सोडवून टाकला. शाळेजवळच्या एका दुकानात तयार प्रकल्प मिळत. दीडशे-दोनशे रुपयांत वारली चित्र, चौकटीसह. नोंदवहीचा मजकूरसुद्धा त्यासोबत छापील मिळे, आपण फक्त तो उतरवून काढायचा. मीही त्या दुकानात जाऊन चित्रे पाहून आले, हे येथे कबूल करते. पैसे जवळ असते तर कदाचित घेतलेही असते.

मग मी सूर्योदय काढायचे ठरवले. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि नदीत होडी. सर म्हणाले, “यातले तू काय काय पाहिले आहेस?” सोलापूरकर मुलीने पाहण्यासारखे त्यात सूर्याखेरीज काही नव्हते. त्यांनी दूरध्वनीवर दोन चित्रे पाठवली. एक होते नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने केलेले गांधीजींचे चित्र. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, हातात काठी, पाऊल पुढे टाकलेले. दुसरे चित्तप्रसाद यांचे, कामाला जुंपलेल्या मुलांचे. चित्तप्रसाद (१९१५-१९७८) हे बंगालचे. १९४३ च्या दुष्काळात गावोगाव हिंडून त्यांनी माणसांची रेखाटने केली, त्यांचे पुस्तक निघाले आणि इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहत. ही दोन्ही चित्रे लिनोकट होती. हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला.

लिनोकट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. लिनोलियम हा मुळात जमिनीवर अंथरण्याचा पदार्थ. जवसाचे तेल, बुचाची भुकटी वगैरे एकत्र करून ते मिश्रण तागाच्या कापडावर थापून तो होतो. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात तो शोधून काढला. त्याला लाकडासारखे तंतू नसल्यामुळे हत्यार हवे तसे वळते, म्हणून चित्रकारांनी त्याचा ठसा करायला सुरुवात केली. जो भाग कोरून काढाल तो छापल्यावर पांढरा राहतो. जो ठेवाल त्याला शाई लागते व तो काळा उमटतो. एका ठशावरून कितीतरी छाप निघतात. उठावाच्या ठशांवरून होणाऱ्या मुद्राचित्रणाचे तत्त्व हेच आहे.

मला हा प्रकार आवडला त्याचे पहिले कारण कलेशी संबंधित नव्हते. जलरंगाला रंग लागतात, पाणी लागते, कागद ताणून बसवायला फळी लागते आणि सलग वेळ लागतो, कारण ओला रंग अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. लिनो मात्र मांडीवर घेऊन बसता येतो. हाक आली की खाली ठेवून उठावे, तासाभराने परत घ्यावा, तो जसाच्या तसा असतो. ज्या घरात सलग वेळ मिळत नाही तेथे असेच माध्यम निवडावे. प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी हा विचार करावा, असे मला आज वाटते.

विषय तर समोरच बसला होता. मांडीवर सूप, उजव्या हातात कात्री, डाव्या हातात भिजवलेले पान आणि त्यावर पत्र्याचा साचा. साच्याच्या कडेने कात्री फिरते, पान कापले जाते, मग चिमूटभर तंबाखू, एक वळण, टोक मुडपले, दोरा गुंडाळला. आई दिवसाला हजार विड्या वळते. पंचवीसची एक जुडी, अशा चाळीस जुड्या. चित्राचे नाव मी ‘एक हजार’ ठेवले. चित्रात मी आईला बसवले. वास्तविक रोजच्या हजारांपैकी दोनशे विड्या माझ्या असत, पण मी स्वतःला चित्रात घेतले नाही. चित्तप्रसाद यांच्या त्या मुलांशेजारी आपला चेहरा नको, असे काहीसे मनात आले असावे.

आता आखणीबद्दल. नोंदवहीत ‘कामाचे नियोजन’ असे एक पान होते. त्यावर काय लिहायचे ते मला सुचेना. पुस्तकी पद्धतीने ‘प्रथम साहित्य जमवले, नंतर रेखाटन केले’ असे लिहिले तर ते झाल्यानंतरचे वर्णन होते, नियोजन नव्हे. मी आईला सहज विचारले, उद्याच्या चाळीस जुड्या होतील की नाही हे तुला आज कसे कळते? तिने विड्या वळता वळताच उत्तर दिले. उद्या सकाळी माल द्यायचा तर आज रात्री दहाला छत्तीस जुड्या बांधून झाल्या पाहिजेत. त्यासाठी दिवेलागणीला सातशे वळून झाल्या पाहिजेत. त्यासाठी दुपारी बाराच्या आत पाने कातरून झाली पाहिजेत आणि त्यासाठी काल रात्री पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असली पाहिजेत. माझी आई चौथीपर्यंत शिकली आहे. ती शेवटच्या क्षणापासून मागे मोजत येते.

मी तसेच मोजले. एकविसाव्या दिवशी काम शाळेत. विसाव्या दिवशी छाप पुठ्ठ्यावर बसवायचा. तेलाची शाई वाळायला तीन दिवस, म्हणजे सतरा, अठरा, एकोणीस हे दिवस कशालाही हात लावायचा नाही. पंधरा व सोळा छपाई. चौदाव्या दिवशी चाचणीचा छाप. सात ते तेरा कोरणे. सहाव्या दिवशी चित्र लिनोवर उतरवणे. उरले पाच दिवस, ते रेखाटनांचे. गंमत अशी की, पुढून मोजले असते तर मी रेखाटनांतच दहा दिवस घालवले असते आणि शाई वाळायला वेळ लागतो ही गोष्ट शेवटच्या रात्री ध्यानात आली असती.

दिवसांची वाटणी झाली, पण तासांची व्हायची होती, आणि फरशीचीही. आमच्या खोलीत जमिनीचा प्रत्येक हात कुणाच्या तरी कामाचा असतो. मी आईशी करार केला. माझ्या दोनशे विड्या मी रोज संध्याकाळी सातपर्यंत पुऱ्या करायच्या. रात्री नऊनंतर दिव्याखालचा दोन फूट तुकडा माझा. धाकट्या भावाने तेथे अंथरूण घालायचे नाही. वडील दुसऱ्या पाळीहून उशिरा येत, त्यांच्या ताटापुरती जागा मात्र सोडायची. हा करार मी नोंदवहीत जसाच्या तसा लिहिला. सरांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली होती. का ओढली ते मी कधी विचारले नाही.

साहित्याचे दोन वाक्यांत सांगून टाकते. लिनोचा तुकडा आणि कोरण्याच्या हत्यारांचा साधा संच विकत घेतला. काळी शाई गल्लीतल्या छापखान्यातल्या काकांनी डबीत भरून फुकट दिली. आणि पुठ्ठ्यासाठी म्हणून साठ रुपये बाजूला ठेवले. शाई लावायचा रोलर परवडण्याजोगा नव्हता, म्हणून जुन्या सुती कापडात कापूस बांधून त्याचा बोळा केला.

कोरण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथेच बोटे कापतात. जानेवारीत लिनो थंडीने कडक होतो आणि हत्यार घसरते. तो अर्धा तास उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि लोण्यासारखा निघतो. सोलापुरात उन्हाची वाण नाही, तेवढी सोय झाली. मोकळा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीही नाही. वळण काढताना मनगट न वळवता लिनोच फिरवायचा. व्ही आकाराच्या पात्याने बारीक रेघा, यू आकाराच्या पात्याने मोकळी जागा. खोली दीड मिलिमीटर पुरते. ताग दिसू लागला तर जास्त खोल गेलात असे समजावे. पहिल्या दोन रात्री मी भीतीने फारच थोडे कोरले. तिसऱ्या रात्री धीर आला आणि आईच्या पदराची एक घडी पार उडाली. लिनोवर खोडरबर चालत नाही. गेलेली घडी गेली. मग तेथे पदर सपाट काळा ठेवला आणि सगळ्या रेघा हातांकडे वळवल्या. आज पाहताना ती चूक चित्राला मानवली असे वाटते, पण तेव्हा मी रडले होते.

चौदाव्या रात्री जे झाले ते नोंदवहीत मी लिहिले नव्हते. येथे लिहिते.

चाचणीचे छाप काढायला बसले. बोळ्याने शाई थोपटायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडून सारखा दाब देत घासायचे. पहिला छाप फिका आला, दुसऱ्याला शाई जास्त झाली आणि बारीक रेघा बुजल्या, तिसरा बरा आला. अकरा वाजून गेले होते. वडील जेवून झोपले होते. ओले छाप वाळत घालायला दोरी नव्हती, म्हणून अंधारात कोपऱ्यात हाताला लागले त्यावर मी ते पसरले आणि शाईचा बोळाही तेथेच ठेवून दिला. ते आईचे गोणपाट होते. आत उद्याची पाने होती.

सकाळी आईने गोणपाट उघडले. शाई ओल्या कापडातून खाली उतरली होती. वरच्या थरातली सुमारे तीनशे पाने डागाळली होती आणि त्यांना छापखान्यासारखा वास येत होता. असल्या पानांच्या विड्या कारखान्यात तपासणीला टिकत नाहीत, त्या छाट म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. पाने तर वजनावर मोजून मिळालेली असतात. कमी पडली तर आपल्या पैशाने बाजारातून आणायची. आई मला रागावली नाही. ती डागाळलेली पाने एकेक करून वेगळी काढू लागली, पाठीमागून बरे निघते का ते पाहू लागली. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, “अगं, वास नसता तर चाललं असतं.”

मी पुठ्ठ्याचे साठ रुपये तिला दिले. तिने ते घेतले. तिने ते परत केले, असे लिहिले असते तर गोष्ट अधिक गोड झाली असती. पण तिला ते पैसे लागत होते आणि नुकसान मी केले होते. त्या दिवशी दोनशेऐवजी साडेतीनशे विड्या वळल्या आणि छपाई एक दिवस पुढे गेली. वाळण्यासाठी ठेवलेल्या तीन दिवसांतला एक त्यात खर्ची पडला. मागून मोजताना मी मोकळा दिवस एकही ठेवला नव्हता. आई मात्र नेहमी चार जुड्यांची सवलत सकाळसाठी ठेवते. छत्तिसाचा आकडा तिने सांगितला होता, तो मी नीट ऐकलाच नव्हता.

छपाईच्या दोन रात्री भावाने कागद धरला. एकूण बारा छाप काढले, त्यांतले पाच चांगले निघाले. प्रत्येकाखाली पेन्सिलीने क्रमांक घातला; मुद्राचित्रात तशी रीत आहे. हाताची व भांड्यांची शाई खोबरेल तेल लावून पुसली आणि मग साबणाने धुतली. पुठ्ठा वडिलांनी आणला, टॉवेल भरून जातात त्या खोक्याचा. त्याच्या मागे अजून गिरणीचा शिक्का आहे.

एक गोष्ट राहिली. ठशावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, उजवे ते डावे होते. म्हणून अक्षरे आरशातल्यासारखी कोरावी लागतात. ‘एक हजार’ ही अक्षरे मी फार काळजीने उलटी कोरली होती. ती सुलट आली आणि मला धन्यता वाटली. रेखाटन मात्र कार्बन कागदाने जसेच्या तसे उतरवले होते. त्यामुळे छापात आईची कात्री डाव्या हातात आली. हे माझ्या लक्षात आले नाही, वडिलांच्या नाही, आणि पुढे सरांच्याही नाही. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांनी एका नजरेत ओळखले. त्याही विड्या वळतात. “ही कोण डावखुरी बसवलीस गं?” त्यांनी विचारले. आईने छाप हातात घेऊन पाहिला आणि हसली. त्या आठवड्यातले ते तिचे पहिले हसू होते. पुन्हा कोरायला दिवस उरला नव्हता, तसाच दिला. ज्यांना ठसा करायचा आहे त्यांनी रेखाटन पातळ कागदावर काढून तो कागद पालथा घालावा व मग उतरवावे. अक्षरांबरोबर माणसेही उलटतात.

मला ‘अ’ श्रेणी मिळाली. दुकानातून वारली चित्र आणलेल्या माझ्या मैत्रिणीलाही ‘अ’ मिळाली. बरेच दिवस मला तिचा राग होता. नंतर समजले की त्या एकवीस दिवसांत तिची आई दवाखान्यात होती आणि घरचा स्वयंपाक तीच करत होती. तिच्याजवळ दोन फूट फरशी तर राहोच, रात्रीचे नऊ सुद्धा नव्हते. म्हणून तयार प्रकल्प विकत घेणाऱ्या मुलांवर सरसकट दोष ठेवायला मी तयार नाही. पण दोन्ही कामांना एकच श्रेणी मिळावी, हेही मला पटत नाही. उद्या मी शिक्षिका झाले तर मुलांकडून चांगले काम एक आणि बिघडलेली चार मागेन. बिघडलेली कामे दुकानात मिळत नाहीत. आणि प्रकल्प देण्याआधी प्रत्येकाला विचारीन की, घरी तुझी जागा किती, आणि ती किती वाजता मोकळी होते. ज्याला जागाच नसेल त्याला मधल्या सुट्टीत वर्ग उघडून द्यावा लागेल. यावर ‘एवढा वेळ कोणाजवळ आहे’ असे प्राध्यापकवर्गातून कोणी म्हणेल. मला त्याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

लिनोचा तो ठसा आमच्या ट्रंकेत आहे. गेल्या दिवाळीत तो काढून उन्हात ठेवला, छापखान्यातल्या काकांकडून पुन्हा डबीभर शाई आणली आणि पातळ कागदावर आणखी एक छाप काढला, या वेळी पडवीत, गोणपाटापासून लांब. वाळल्यावर आईने तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि खिडकीच्या काचेला पालथा चिकटवला. सकाळी ऊन आले की कात्री तिच्या उजव्या हातात दिसते. ‘एक हजार’ ही अक्षरे उलटी दिसतात, पण त्याला तिची हरकत नाही.